मानसशास्त्राच्या पदवीत आपण नेमके काय तपासतो? कर्नाटकाच्या उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्च शिक्षण मंत्री, कर्नाटक राज्य, यांना सविनय नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातील एका पदवी महाविद्यालयात गेली 19 वर्षे मानसशास्त्र शिकवतो. या पत्राची कन्नड प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीत ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण इतकेच की, ज्यांची मुले माझ्या वर्गात बसतात त्या खानापूर, निपाणी, येळ्ळूर, कडोली या भागांतील पालकांना आणि त्या मुलांनाही ते वाचता यावे. विषय एकच आहे. बी. ए. मानसशास्त्राचा विद्यार्थी तीन वर्षांत काय करायला शिकेल याचे अभ्यासक्रमात आपण जे वचन देतो, त्यातले फार थोडे परीक्षेत तपासतो, आणि जे तपासले जात नाही ते हळूहळू शिकवलेही जात नाही. कर्नाटक राज्य विद्यापीठ अधिनियम 2000 नुसार आपण राज्यातील विद्यापीठांचे प्र-कुलपती आहात, म्हणून हे म्हणणे आपल्यापुढे मांडतो आहे.

प्रत्येक पेपरच्या अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला 'अध्ययन निष्पत्ती' या मथळ्याखाली चार-सहा वाक्ये छापलेली असतात. विद्यार्थी वर्तनाचे शास्त्रीय निरीक्षण करू शकेल, साध्या प्रयोगाची आखणी करू शकेल, चाचणीतून मिळालेल्या गुणांचा अर्थ लावू शकेल, माणसांवर अभ्यास करताना पाळायच्या नैतिक मर्यादा ओळखू शकेल, आपले निष्कर्ष नीट मांडू शकेल, अशा अर्थाची ती वाक्ये असतात आणि त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने निष्पत्तींवर आधारित अभ्यासक्रमाची जी चौकट देशासाठी आखली, तिचा रोखही हाच आहे. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने पदवी अभ्यासक्रमासाठी 2013 मध्ये जी पाच उद्दिष्टे ठरवली, त्यांत विषयाचे ज्ञान हे केवळ एक आहे. उरलेली चार म्हणजे शास्त्रीय जिज्ञासा व चिकित्सक विचार, नैतिक व सामाजिक जबाबदारी, संवाद आणि व्यावसायिक जडणघडण. परंतु विद्यार्थी परीक्षेला बसतो तेव्हा त्याच्यासमोर येणारे प्रश्न व्याख्या लिहा, प्रकार लिहा, सिद्धांत स्पष्ट करा, टिपा लिहा, या ठरलेल्या वळणांच्या बाहेर क्वचितच जातात. अभ्यासक्रमातले क्रियापद 'करू शकेल' हे आहे आणि प्रश्नपत्रिकेतले 'लिहा' हे आहे.

या अंतरावर कागदोपत्री उपाय झालेला आहे, आणि मला तोच अधिक चिंतेचा वाटतो. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक पेपरच्या निष्पत्ती आणि संपूर्ण पदवीच्या निष्पत्ती यांचा मेळ घालणारा तक्ता आम्ही भरतो, त्याच्या प्रत्येक चौकटीत 1, 2 किंवा 3 असा आकडा घालतो, आणि सत्र परीक्षेत किती विद्यार्थ्यांना ठरावीक पातळीहून जास्त गुण मिळाले यावरून निष्पत्ती साध्य झाल्याचे प्रमाण काढतो. ज्या उत्तरपत्रिकेसाठी विद्यार्थ्याला एकाही माणसाकडे निरखून पाहावे लागलेले नाही, तिच्याच गुणांवरून 'निरीक्षण करू शकेल' ही निष्पत्ती अमुक टक्के साध्य झाली असे आम्ही सहीनिशी लिहून देतो. हे लिहून देणाऱ्यांत मीही आहे आणि दर वर्षी ती सही करताना मला त्रास होतो. 2021-22 मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीची रचना आली, 2024-25 पासून राज्याने पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. दोन्ही वेळी निष्पत्तींची वाक्ये नव्याने टंकलिखित झाली, परंतु मी ज्या प्रश्नपत्रिका वाटल्या आणि तपासल्या त्यांचे वळण होते तसेच राहिले.

मानसशास्त्राच्या बाबतीत हे अधिक खटकावे, कारण मापन कसे करावे हा आमच्या विषयाचाच एक मोठा भाग आहे. आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो की चाचणीला दोन गुण लागतात. एक विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजले तरी माप तेच यावे. आणि दुसरा यथार्थता, म्हणजे जे मोजायचे आहे तेच मोजले जावे. वडगाव-शहापूरच्या विणकराच्या घरातून आलेल्या मुलाला हे समजावणे सोपे जाते: वजनकाटा कितीही बरोबर असला तरी त्यावर ठेवून लुगड्याची लांबी कळत नाही. आमची सत्र परीक्षा हा तसा काटा आहे. दोन परीक्षकांनी तपासली तर कदाचित गुण जवळपास सारखे येतील, परंतु अभ्यासक्रमाने ज्या क्षमतांचे नाव घेतले आहे त्या तिच्यावर तोलल्याच जात नाहीत.

याचे एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी विकासाच्या मानसशास्त्राच्या पेपरसाठी मी वर्गाला एक काम दिले होते. घराजवळच्या पाच-सहा वर्षांच्या मुलासमोर दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यायचे, दोन्हींत सारखेच आहे ना हे विचारायचे, मग एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतून पुन्हा विचारायचे. मुलांच्या विचारांच्या वाढीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा हा प्रयोग प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे आणि त्याला फक्त दोन पेले, एक उंच भांडे आणि एक मूल लागते. खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून रोज बसने येणाऱ्या विद्यार्थिनीने तो शेजारच्या मुलावर केला. मुलगा म्हणाला, "ह्या उंच भांड्यात जास्त हाय." या वयाची मुले भांड्याच्या उंचीला फसतात असे पुस्तक सांगते, म्हणून पुस्तकाप्रमाणे काम इथेच संपले होते. परंतु तिच्या मनात शंका आली, म्हणून तिने दुसऱ्या दिवशी त्याच्या बरोबरीच्या दुसऱ्या एका मुलाला सुरुवातीचा प्रश्न न विचारता, पाणी ओतून झाल्यावर एकदाच विचारले, आणि त्या मुलाने दोन्हींत सारखेच पाणी असल्याचे सांगितले. तिने दोन पानांत मराठीत लिहिले होते की, मोठ्या माणसाने एकच प्रश्न दोनदा विचारला तर आपले पहिले उत्तर चुकले असावे असे मुलाला वाटत असेल, आणि म्हणून ते उत्तर बदलत असेल. पण 'मी दोनच मुलांना विचारले आहे, त्यामुळे हे नक्की सांगता येणार नाही,' असेही तिने लिहिले होते.

मंत्री महोदय, नेमकी हीच शंका सुसान रोझ आणि मॅरियन ब्लँक या संशोधिकांनी 1974 मध्ये प्रयोगाने तपासली होती, आणि प्रश्न एकदाच विचारला तर मुले कमी चुकतात असे त्यांना आढळले होते. माझ्या विद्यार्थिनीने त्यांचे नावही ऐकलेले नव्हते. निरीक्षण, शंका, तिची पडताळणी आणि आपल्या पुराव्याची मर्यादा ओळखणे, हे सारे त्या दोन पानांत होते, आणि अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावरच्या निष्पत्ती याहून वेगळ्या काही नाहीत. त्या कामाला गुण देण्याची सोय मात्र कुठेच नव्हती. सत्र परीक्षेत पियाजेच्या विकासाच्या अवस्था स्पष्ट करा हा प्रश्न आला, तिने तो तिला जमेल तशा इंग्रजीत लिहिला, दोन उपमथळे सुटले, आणि त्या पेपरमध्ये ती काठावर उत्तीर्ण झाली. गाइडमधील उत्तर पाठ करून आलेल्या, कधीही कुठल्या मुलासमोर पेले न ठेवलेल्या विद्यार्थ्यांना तिच्याहून बरेच जास्त गुण होते. त्यांचा त्यात दोष नाही. जे विचारले जाणार ते त्यांनी ओळखले होते.

प्रात्यक्षिकांची स्थिती याहून वाईट आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. कर्नाटकात मानसशास्त्राचा पाया प्रयोगशाळेत घातला गेला. 1924 मध्ये म्हैसूर विद्यापीठात एम. व्ही. गोपालस्वामी यांनी मानसशास्त्राचा विभाग उभा केला आणि सोबत प्रयोगशाळाही उभारली. आज अनेक ठिकाणी प्रात्यक्षिक म्हणजे प्रयोगवही, आणि प्रयोगवही म्हणजे आधीच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या वहीची नक्कल. आरशात पाहून चांदणी गिरवण्याच्या प्रयोगात लागलेला वेळ आणि झालेल्या चुका, सारख्या रेषा लहान-मोठ्या भासवणाऱ्या म्यूलर-लायर भ्रमातील मिलिमीटरचे आकडे, स्मरणाच्या प्रयोगातील आठवलेल्या शब्दांची संख्या, हे सारे आकडे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत जातात. एका वर्षी बाह्य परीक्षक म्हणून मी दुसरीकडे गेलो असता एकामागून एक 11 वह्यांत तेच आकडे आढळले, प्रयोगातील व्यक्तीचे वयही तेच होते. त्या मुलांना मी विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की तुकडीत विद्यार्थी खूप, आरशाचे उपकरण एकच, आणि वही सादर करण्याची तारीख जवळ आलेली. खोटा आकडा लिहू नये हा संशोधनाच्या नीतीचा पहिला नियम आहे. तो आम्ही पुस्तकात शिकवतो आणि त्याच सत्रात खोटे आकडे लिहून गुण मिळवण्याचा सराव मुलांकडून करवून घेतो.

आता भाषेबद्दल, कारण सीमाभागात हा प्रश्न तिच्यापासून वेगळा काढता येत नाही. माझ्या वर्गात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुले असतात, कन्नड माध्यमातली असतात, काहींच्या घरी उर्दू किंवा कोकणी बोलली जाते. पाठ्यपुस्तक इंग्रजी किंवा कन्नड. मानसशास्त्राचा कच्चा माल म्हणजे माणसाचे बोलणे, आणि माणूस त्याच्या भाषेत बोलतो. निपाणीतील विडी कामगार बाई आपल्या झोपेबद्दल, चिंतेबद्दल, मुलीच्या लग्नाच्या काळजीबद्दल जे सांगेल ते मराठीत सांगेल, आणि बैलहोंगलचा शेतकरी कन्नडात. 'जीव घाबरा होतो', 'डोक्यात भुंगा लागलाय', 'मन लागत नाही' या शब्दांत कोणता अनुभव दडला आहे हे ओळखणे ही इथल्या मानसशास्त्राच्या पदवीधराची खरी कसोटी आहे, आणि या कसोटीसाठी आमच्या मूल्यमापनात जागा नाही.

याच मुलखात हे एकदा फार चांगल्या रीतीने झालेले आहे. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीची भारतीय मुलांसाठी सुधारित आवृत्ती तयार केली आणि 1934 मध्ये तिच्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. ती आवृत्ती कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी होती. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे देशभर पसरली आणि अजूनही वापरात आहे. मुलाला कळेल त्या भाषेत विचारले नाही तर मोजमाप चुकते, हे जे 90 वर्षांपूर्वी इथे एका अभ्यासकाने जाणले, ते आज आमच्या पदवी परीक्षेने जाणू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. पाचवीतल्या मुलाची बुद्धी त्याच्या भाषेत मोजावी असे आम्ही शिकवतो आणि शिकणाऱ्याची स्वतःची समज मात्र त्याला अर्धवट येणाऱ्या भाषेतील परिच्छेदांवरून ठरवतो.

यात मागणी एकतर्फी नाही हे स्पष्ट करतो. माझ्या मराठी विद्यार्थ्याला कन्नडातून मुलाखत घेता आली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. या जिल्ह्यात काम करणाऱ्या मानसशास्त्राच्या पदवीधराला दोन्ही भाषा ऐकता-बोलता येणे ही लिखित निष्पत्ती असावी आणि तिची तोंडी परीक्षा व्हावी. त्याचबरोबर क्षेत्रकार्याचा अहवाल आणि तोंडी परीक्षा विद्यार्थ्याला मराठीत किंवा कन्नडात, त्याच्या पसंतीने देता यावी, आणि कन्नड, मराठी व इंग्रजी पारिभाषिक शब्दांचा एक साधा कोश विद्यापीठाने करून द्यावा.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. बी. ए. झाल्यावर कोणी मानसोपचार करू शकत नाही आणि करूही नये; क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी पुढचे शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पदवीधर शिक्षक होतात, आशा कार्यकर्त्यांच्या बरोबर काम करतात, पोलिसांत जातात, पतसंस्थेच्या खिडकीवर बसतात, घर चालवतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांसाठी उपचारांपर्यंत न पोहोचणाऱ्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्के आढळले होते. अशा देशात समोरच्या माणसाचे नीट ऐकणारा, त्याला वेडा न ठरवणारा, धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य रुग्णालयापर्यंत किंवा टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकापर्यंत त्याला पोहोचवणारा पदवीधर गावागावांत असणे ही लहान गोष्ट नव्हे. 1980 च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात झालेल्या कामाच्या धर्तीवर 1996 मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्या कामाचा गाभाच असा होता की तज्ज्ञ थोडे आहेत, म्हणून साध्या कार्यकर्त्यांना ओळखायला आणि ऐकायला शिकवावे. ऑगस्ट 2019 च्या पुरानंतर आमचे काही विद्यार्थी आपणहून निवारा केंद्रांत गेले होते. धक्का बसलेल्या माणसाशी काय बोलावे आणि काय विचारू नये हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, आणि भावनांचे सिद्धांत त्यांना पाठ होते.

पाठांतराला मी नावे ठेवतो आहे असा समज होऊ नये. आठवणे आवश्यक आहे, आणि परीक्षा आठवणीला मदतच करते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये दाखवले की, उतारा पुन्हा एकदा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवते, परंतु एकदा वाचून नंतर स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना आठवड्यानंतर 56 टक्के आठवते, तर पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के. म्हणजे छोट्या, वारंवार घेतलेल्या, कमी गुणांच्या चाचण्या ज्ञान टिकवतात, आणि सत्राच्या शेवटी एकदाच तीन तास लिहून घेतल्याने ते फायदे मिळत नाहीत. आज अंतर्गत गुणांच्या नावाखाली दोन चाचण्या आणि एक निबंध घेतला जातो, बहुतेक सर्वांना जवळपास पूर्ण गुण दिले जातात, आणि कोणाचे काय चुकले हे कोणालाच कळत नाही. तपासलेला कागद शेरा लिहून विद्यार्थ्याच्या हातात परत जाणे, एवढी एक गोष्ट सक्तीची केली तरी पुष्कळ फरक पडेल.

आपल्याकडून अपेक्षा अशी आहे. अभ्यास मंडळाने प्रत्येक पेपरसाठी तीनच निष्पत्ती ठेवाव्यात, आणि प्रत्येकीशेजारी ती कोणत्या कामातून तपासली जाईल हे छापावे. ज्या निष्पत्तीसमोर तपासण्याची रीत लिहिता येत नाही ती काढून टाकावी. सत्र परीक्षेतील किमान एक तृतीयांश गुण विद्यार्थ्याने पूर्वी न पाहिलेल्या मजकुरावर असावेत. उदाहरणार्थ, एका शाळेत गृहपाठ न करणाऱ्या मुलांना दंड सुरू केला, महिन्याभरात गृहपाठ आणणाऱ्यांची टक्केवारी वाढली आणि हजेरी घटली, मुख्याध्यापक दंडाचा उपयोग झाला असे म्हणतात, त्यांचा निष्कर्ष तपासा. या प्रश्नाचे उत्तर कुठल्या गाइडमध्ये मिळणार नाही, आणि ज्याला शिक्षेचे परिणाम व टक्केवारी कशाची काढली आहे हे खरोखर समजले आहे त्याला ते कोणत्याही भाषेत लिहिता येईल. प्रात्यक्षिकात वहीला नव्हे तर त्या दिवशी, त्या ठिकाणी नोंदवलेल्या, तारीख आणि शिक्षकाची सही असलेल्या मूळ नोंदीच्या कागदाला गुण असावेत, आणि तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला त्याच्याच आकड्यांवर प्रश्न विचारावेत. आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत म्हणून कोणाचेही गुण कापू नयेत, हे लेखी सांगावे लागेल, कारण नक्कल करण्याचे निम्मे कारण ती भीती आहे.

यासाठी शिक्षकांचा वेळ लागेल हे मला ठाऊक आहे, आणि ती खरी अडचण आहे. दर सत्राला नेमणुकीची वाट पाहणाऱ्या अतिथी व्याख्यात्याकडून, तासांवर मिळणाऱ्या मानधनात, 60 मुलांचे निरीक्षण अहवाल शेरे लिहून तपासण्याची अपेक्षा करणे अन्याय्य आहे. प्रात्यक्षिकाच्या तुकडीची संख्या मर्यादित करणे आणि अहवाल तपासण्याचे तास कामाच्या तासांत धरणे, हे दोन निर्णय आपल्या खात्याच्या हातात आहेत. अभ्यास मंडळ कितीही चांगले असले तरी ते घेऊ शकत नाही. 2025 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीतून वगळले आहे. हा विषय माणसासमोर बसूनच शिकावा लागतो हे त्यातून मान्य झाले आहे, तर वर्गात प्रत्यक्ष येणाऱ्या मुलांना तो तसा शिकता यावा यासाठी लागणारी माणसे देणे ही पुढची पायरी ठरते.

सर्व राज्यात एकदम बदल करावा असे मी म्हणत नाही. बेळगाव जिल्ह्यातील पाच-सहा महाविद्यालयांत, दोन सत्रे, एका पेपरपुरता हा प्रयोग करून पाहावा. जुन्या पद्धतीच्या आणि नव्या पद्धतीच्या परीक्षेतील गुण शेजारी ठेवावेत, आणि सहा महिन्यांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा विचारून कोणाला काय उरले ते पाहावे. यात सहभागी होण्याची माझी तयारी आहे, आणि माझ्या ओळखीचे कन्नड व मराठी दोन्ही भाषांतील सहकारी विनामोबदला प्रश्नसंच करून द्यायला तयार आहेत.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण सुवर्ण विधानसौधात येता तेव्हा आमचे वर्ग चालू असतात. त्या दिवसांत एखाद्या दुपारी अर्धा तास काढून आमच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत यावे, ही विनंती. प्रयोगवह्या आम्ही दाखवणार नाही. दोन पेले आणि एक उंच भांडे टेबलावर असेल, आणि शेजारच्या अंगणवाडीतील मुलांना मराठीत आणि कन्नडात प्रश्न विचारणारे आमचे विद्यार्थी असतील. त्यांना आपण हवे ते विचारावे.

आपला विश्वासू,
मानसशास्त्राचा एक अध्यापक, बेळगाव